पीएम किसानचा हप्ता पोर्टलवर 'प्रोसेस्ड' दाखवतंय पण खात्यात रुपया नाही, नेमकं कुठं बघायचं?

काळीमाती:

नमस्कार मंडळी, प्रश्न वडिलांच्या पीएम किसानचा आहे, जरा लांबण लागेल पण सगळं सांगतो म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही.

वडील गावी असतात, बीड जिल्हा, जमीन साडेतीन एकर स्वतःच्या नावावर, सातबारा चोख. २०१९ ला योजना आली तेव्हापासून दर चार महिन्याला २००० येत होते, मधे एकदा ईकेवायसीसाठी, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्यासाठी, अडकले होते ते पण नंतर आले. राज्य सरकारच्या नमो शेतकरी योजनेचे पण त्याच खात्यात यायचे. यंदा, म्हणजे २०२५ ला, २ ऑगस्टला वाराणसीहून २० वा हप्ता सोडला तो आला नाही. म्हटलं येईल मागं पुढं. सप्टेंबरात नमोचा सोडला, तो पण नाही. आता १९ नोव्हेंबरला कोइमतूरहून २१ वा सोडला, गावात सगळ्यांना मेसेज आले, आमच्या पासबुकात किसानची शेवटची एंट्री फेब्रुवारीचीच.

मी पुण्यात असतो, इथून पोर्टलवर स्टेटस काढलं. लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली) येस, ईकेवायसी येस, आधार बँक सीडिंग (आधार बँकेला जोडलेलं) येस, तिन्ही हिरवे. आणि हप्त्यापुढं पेमेंट प्रोसेस्ड. म्हणजे सरकारच्या हिशोबानं आम्हाला पैसे मिळालेत!

वडील बँकेत गेले तर तिथला साहेब म्हणतो वरून काही आलंच नाही. कृषी ऑफिसला गेले तर ते म्हणतात आमच्याकडून गेलंय बँकेत विचारा. तलाठी म्हणतो हे काम आता आमच्याकडं नाही. एकदा सुट्टी काढून मी पण फिरलो, हेच उत्तर फक्त जरा अदबीनं मिळालं.

आता वडिलांना संशय असा की पीककर्ज थकलंय म्हणून बँकेनं परस्पर कापून घेतलं. त्याच बँकेत कर्ज आहे. असं करतात का? आणि केलं असेल तर तक्रार कुठं करायची? कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

सेतूवाला:

दादा मी सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांचं सेवा केंद्र, चालवतो मराठवाड्यातच, हे रोजचं आहे. आधी कर्जाचं सांगतो. बँकेनं कापलं असतं तर पासबुकात आधी २००० जमा आणि मग नावे अशा दोन एंट्र्या दिसल्या असत्या. किंवा खात्याला होल्ड लावला असता तर जमा दिसलं असतं पण काढता आलं नसतं. होल्ड लावणाऱ्या शाखा आहेत, अनुदानाचे पैसे कर्जात वळते करू नका म्हणून सरकार दरवर्षी सांगतं तरी लावतात. पण तुमच्याकडं जमाच नाही म्हणताय म्हणजे तुमच्या बँकेचा साहेब खरं बोलतोय, त्याच्याकडं आलंच नाही.

आणि कृषीवाला पण खरं बोलतोय. पैसे गेलेत. दुसऱ्या बँकेत गेलेत.

आता हे कसं ते सांगतो. सुरवातीला ही योजना खाते नंबरवर चालायची, फॉर्ममधे जो नंबर दिला तिथं पैसे. नंतर सगळं आधार पेमेंटवर नेलं. आता पोर्टलवर तुमचा कुठला का खाते नंबर असेना, तो बघितलाच जात नाही. दिल्लीहून पैसे आधार नंबरवर सुटतात आणि त्या आधारला एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) मॅपरमधे, म्हणजे कुठल्या आधारला कुठली बँक त्या यादीत, जी बँक लावलेली असेल तिकडं जातात. एका आधारला एकच बँक. शेवटी जिला लावली ती. तुमच्या वडिलांनी फेब्रुवारी ते ऑगस्टच्या मधे कुठंतरी नवीन खातं उघडलंय, अंगठा दिलाय, आठवत नसेल पण दिलाय. विचारा त्यांना नीट.

पोर्टलवरच्या 'आधार बँक सीडिंग येस' वर जाऊ नका, त्याचा अर्थ एवढाच की कुठल्यातरी बँकेला लिंक आहे. कुठल्या ते तिथं लिहिलेलं नसतं, तिथंच सगळे फसतात.

करायचं काय तर आधारच्या वेबसाइटवर, म्हणजे युआयडीएआयच्या, लॉगिन करा. वडिलांच्या आधारला जो मोबाईल लावलाय त्यावर ओटीपी येईल. आत 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून आहे त्यात बँकेचं नाव येतं, ॲक्टिव्ह आहे का येतं आणि कधी लावली ती तारीख पण येते. तारखेवरून लगेच कळेल.

रानवारा:

सगळं बरोबर आहे हो सेतूवाले पण यात शेतकऱ्याची चूक काय ते सांगा. आधी म्हणाले खातं काढा काढलं. मग आधार जोडा जोडलं. मग ईकेवायसी, मग लँड सीडिंग, आता फार्मर आयडी म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक. प्रत्येक वेळी एक दिवसाची मजुरी बुडवायची, नेट चालत नाही म्हणून परत जायचं, अंगठा उमटत नाही म्हणून परत जायचं. शेतात राबून ज्याच्या बोटाच्या रेषा गेल्यात त्यालाच मशीन म्हणतं तू तू नाहीस. आणि एवढं करून मिळतंय काय तर वर्षाला ६०००, महिन्याला ५००, दिवसाचे १६ रुपये. १६ रुपयात आज अर्धा लिटर दूध येत नाही. डीएपी खताची बॅग १३५० ला.

थेट खात्यात थेट खात्यात म्हणून ढोल बडवतात, थेट असतं तर हा भाऊ तीन ऑफिसं कशाला फिरला असता.

वऱ्हाडी_भाऊ:

रानवारा भाऊ तुमचं दुखणं समजते पण एक सांगा, आधी काय होतं? पाकिटं वाटत होते ना तहसीलीत, चेक वाटप व्हायचं, मंत्री यायचा, दिवसभर उन्हात बसा आन चेकवर नाव चुकलेलं. मी ते दिवस पाह्यले आहेत. २००० च्या मधात ५०० कोणाचे जायचे ते सगळ्याले माहीत होतं. आता कमीत कमी मधात कोणी खात नाही. आमच्या यवतमाळात २०२४ च्या फेब्रुवारीत १६ वा हप्ता सोडला तवा बटन दाबलं आन संध्याकाळच्या आत लोकाईच्या मोबाईलवर मेसेज. हे खोटं नाही.

फक्त अडकलं की सोडवणारा कोणी नाही, हे खरं आहे. आधी निदान बाबूची गच्ची तरी धरता येत होती. आता मशीनले काय बोलता.

रानवारा:

मधे कोणी खात नाही? गावात अंगठ्यावर पैसे काढून देणारे बघा जरा. म्हातारी अंगठा लावते, हा २००० काढतो तिला १८०० देतो आणि पावती मागितली तर रोल संपलाय म्हणतो.

सेतूवाला:

असले आहेत, नाही म्हणत नाही. पीएम किसानच्या ईकेवायसीला सीएससीवर १५ रुपये घ्यायचं ठरलंय तिथं १०० घेणारे पण आहेत. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका, आमचं पण लाइट बिल आहे.

पैसे काढताना मशीनवर आधी बॅलन्स चेक करायला लावा, मग काढा, पावती घ्या. पावती नसेल तर स्क्रीनचा फोटो काढा. म्हाताऱ्या माणसासोबत घरातलं एखादं शाळकरी पोरगं तरी पाठवा, पोरांना सगळं वाचता येतं.

बोटाच्या रेषांचं म्हणाल तर त्याला मार्ग आहे. पीएम किसानच्या ॲपमधे २०२३ पासून चेहरा दाखवून ईकेवायसी होते, ना ओटीपी ना अंगठा. एकाची झाली की त्याच मोबाईलवरून शेजारपाजारच्यांची पण करता येते. आमच्या गावात मी पारावर बसून म्हाताऱ्यांची करून दिलीय, फक्त ऊन समोरून पाहिजे आणि डोळे मिचकवा म्हटलं की मिचकवायला पाहिजेत. एक आजोबा दर वेळी हात जोडत होते फोटो काढतोय समजून, चार वेळा केलं तेव्हा झालं.

निवृत्त_कॅशियर:

बँकेत बरीच वर्षं काढली म्हणून थोडी भर घालतो.

मॅपरबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. त्यात तुमचा खाते नंबर नसतोच. त्यात फक्त आधार नंबर आणि बँक इतकीच जोडी असते. पैसे बँकेपर्यंत पोचले की कुठल्या खात्यात टाकायचे हे ती बँक स्वतःच्या यादीवरून ठरवते. म्हणजे एखाद्याची एकाच बँकेत दोन खाती असतील, एक गावच्या शाखेत आणि एक जुनं तालुक्याच्या शाखेत, तर बँक बरोबर दाखवूनही पैसे भलत्याच खात्यात पडू शकतात. लोक गावच्या शाखेतलं खातं बघत बसतात आणि पैसे त्या विसरलेल्या खात्यात साठत असतात. माझ्या टेबलवर असे कितीतरी जण आलेत. तेव्हा काळीमाती, आधी वेबसाइटवर बँकेचं नाव बघा. नाव तुमच्याच बँकेचं निघालं तर शाखेत जाऊन आधारवरून सगळी खाती शोधायला सांगा, खाते नंबर देऊन विचारू नका. खाते नंबर दिला की क्लार्क तेवढंच खातं उघडून बघणार आणि नाही आलं म्हणणार. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हेच झालं असण्याची शक्यता मला वाटते.

दुसरी बँक निघाली तर पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज देतो तसंच हे आहे, जुन्या पत्त्यावर आलेलं तिथं जाऊन घ्यायचं आणि पुढचं नवीन पत्त्यावर वळवायचं. ज्या बँकेत पैसे यायला हवेत त्या बँकेत आधार सीडिंगचा संमतीचा फॉर्म द्यायचा. त्या फॉर्मवर पर्याय असतात, नवीन जोडणी, एका बँकेतून दुसऱ्या बँकेत हलवणे वगैरे. लोक नवीन जोडणीवर टिक करतात आणि मग ते रिजेक्ट होतं कारण आधार आधीच दुसरीकडे जोडलेला असतो. हलवण्याच्या पर्यायावर टिक करा आणि आधीच्या बँकेचं नाव लिहा. आणि 'आधार लिंक आहे' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. केवायसीसाठी आधार जोडणं वेगळं आणि अनुदानासाठी मॅपरला लावणं वेगळं. काउंटरवर नवीन पोरं असतात, त्यांनाही फरक माहीत नसतो.

काळीमाती:

सेतूवाले दादा आणि कॅशियर काका, काय सांगू तुम्हाला.

कॅशियर काकांचा अंदाज होता दोन खाती असतील पण तसं नाही निघालं. वडिलांच्या मोबाईलवरून ओटीपी घेऊन आत्ता बघितलं. भलतीच बँक आहे, एक पेमेंट बँक (कर्ज न देणारी, फक्त पैसे ठेवायची-पाठवायची बँक), आम्ही नावसुद्धा काढलं नव्हतं कधी घरात. लावल्याची तारीख जूनमधली.

वडिलांना फोन केला तर पहिले नाहीच म्हणत होते, मी कुठं खातं काढलं म्हणे. मग आई मागून ओरडली की अहो तो पोरगा आला नव्हता का बाजाराच्या दिवशी, सिमकार्डाच्या दुकानापुढं टेबल टाकून बसला होता, फुकट खातं आणि अपघात विमा म्हणून. तेव्हा त्यांनी आधार दिलं आणि अंगठा लावला. त्या पोरानं मोबाईलवर टिक करताना काय विचारलं का तर म्हणे "काही नाही, काका काका करत होता, अंगठा लावा म्हणाला लावला."

म्हणजे पैसे तिथं आहेत का? आणि काढायचे कसे, ना पासबुक ना कार्ड ना काही.

सेतूवाला:

बघा म्हटलं होतं ना.

आहेत पैसे, कुठं जात नाहीत. गावातल्या कुठल्याही अंगठा मशीनवर जा, बँक निवडताना त्या पेमेंट बँकेचं नाव निवडायला सांगा. पहिले बॅलन्स इन्क्वायरी. पीएम किसानचे दोन आणि नमोचा एक मिळून ६००० दिसायला पाहिजेत, शिवाय जूननंतर गॅसची सबसिडी वगैरे काही आलं असेल तर ते पण तिथंच असणार. लोकांना हे लक्षात येत नाही, मॅपर बदलला की एकट्या किसानचे नाही सगळ्याच योजनांचे पैसे हलतात. मागच्या वर्षी लाडकी बहीणसाठी बायकांनी पोस्टात धडाधड खाती काढली ना, तेव्हा ज्यांच्या नावावर जमीन आहे त्या बायांचे किसानचे पैसे पण पोस्टात जायला लागले आणि इकडं नवरे जुन्या बँकेत भांडत होते. पोस्टाच्या खात्यात वाईट काही नाही, उलट आमच्याकडं ज्याचं कुठंच सीडिंग होत नाही त्याला मी पोस्टाचंच खातं काढायला सांगतो, पटकन लागतं. फक्त आपले पैसे कुठं येणार ते घरात माहीत पाहिजे.

रानवारा:

आणि त्या टेबलवाल्या पोराला खात्यामागे कमिशन मिळालं असणार. अनुदान या खात्यात घ्यायचं का म्हणून शेतकऱ्याची संमती घ्यायला पाहिजे असा नियम आहे ना? ती टिक त्यानंच मारली. हिला संमती म्हणायची.

निवृत्त_कॅशियर:

नियम आहे. संमतीशिवाय मॅपर बदलायचा नाही असं बँकांना सांगितलेलं आहे. अंगठा घेतला की संमती झाली असं कागदावर दिसतं, हीच तर मेख आहे. तक्रार करायची असेल तर त्या बँकेला लेखी किंवा ईमेलने करा, संमतीची नोंद मागा, उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार जाते. पण खरं सांगू, आधी पैसे काढा आणि मॅपर हलवा, भांडण नंतर.

माहेरवाशीण:

मधेच विचारते माफ करा, विषय जवळचाच आहे. माझे सासरे मागच्या वर्षी वारले. त्यांच्या नावावर किसानचा हप्ता यायचा. वारसाचा फेरफार होऊन जमीन माझ्या मिस्टरांच्या आणि माझ्या जाऊबाईंच्या नावावर झालीये, दीर आधीच गेले. आता मिस्टर म्हणतात की २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना योजना नाहीच, सोड. खरं आहे का? आणि मला लाडकी बहीणचे ५०० च येतात महिन्याला, शेजारणीला १५०० येतात, ते पण यामुळेच का?

सेतूवाला:

ताई मिस्टरांना अर्धंच माहितीय. १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख आहे हे बरोबर, त्यानंतर खरेदीनं घेतलेल्या जमिनीवर नवीन लाभ नाही. पण वारसानं आलेली जमीन चालते. त्यामुळं तुमचे मिस्टर नवीन नोंदणी करू शकतात, जाऊबाई पण स्वतंत्र करू शकतात कारण त्यांचं कुटुंब वेगळं धरलं जातं. कुटुंब म्हणजे नवरा बायको आणि १८ च्या खालची पोरं, एवढंच, चूल एक असली तरी. नोंदणीला सातबारा, आठ अ, वारसाचा फेरफार, पूर्वी सासऱ्यांच्या नावावर जमीन कधीपासून होती ते दाखवणारा जुना फेरफार, नवरा बायको मुलं सगळ्यांचे आधार आणि आता फार्मर आयडी. फार्मर आयडीशिवाय फॉर्मच पुढं जात नाही, तो आधी काढा.

एक मात्र करा. सासरे वारल्यानंतर त्यांच्या आधारवर हप्ता आलाय का बघा. आला असेल तर तो परत करायचा असतो, पोर्टलवर परत करायची सोय आहे. लोक ठेवून घेतात आणि नंतर तहसीलची वसुलीची नोटीस येते, इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना आल्या तशा.

५०० चं असं की नमो शेतकरी आणि किसान मिळून ज्या बाईला वर्षाला १२००० मिळतात, म्हणजे महिन्याला १०००, तिला लाडकी बहीणचे वरचे ५०० देतात. पण ते तुमच्या स्वतःच्या नावावर किसान चालू असेल तरच. तुमच्या नावावर जमीन नाही म्हणताय मग ५०० का, हे बघायला पाहिजे. तुमच्या नावानं किसानला कुणी नोंदणी केलीये का? तुमचा आधार नंबर टाकून नोंदणी क्रमांक निघतो का बघा, मग त्यावरून स्टेटस बघा. यंदा नवरा बायको दोघांच्या नावावर चालू असलेली प्रकरणं पोर्टलनं संशयित म्हणून बाजूला काढून पडताळणी होईपर्यंत हप्ते थांबवलेत, उगाच त्यात सापडू नका.

माहेरवाशीण:

अगं बाई. माझ्या माहेरी वडिलांनी माझ्या नावावर अर्धा एकर केलं होतं लग्नाआधी. त्याचा फॉर्म भावानं भरला असेल तर?? विचारते त्याला आज.

सेतूवाला:

हाहा विचारा. आणि भावाकडं मागचे सगळे हप्ते पण मागा.

ते असेल तर मग नियमानं तुमच्या घरात एकालाच मिळेल, तुम्हाला किंवा मिस्टरांना. मिस्टरांचा नवीन फॉर्म भरायच्या आधी ते मिटवा.

वऱ्हाडी_भाऊ:

माह्या मनातलं एक विचारतो, सगळे सातबारा सातबारा करून राह्यले, पण ज्याच्या नावावर वावरच नाही त्याचं काय? आमच्याइकडं निम्मे वावरं बटईनं नाहीतर मक्त्यानं आहेत. मालक अमरावतीले नाहीतर नागपूरले नोकरीवर. हप्ता त्याले, नमो त्याले, अतिवृष्टीचं अनुदान पण त्यालेच. मी मक्त्यानं ७ एकर करतो, माह्या नावावर दीड एकर. सप्टेंबरात पावसानं सोयाबीन सडलं, बियाणं माहं, खत माहं, फवारणी माही. पंचनाम्यात नाव कोणाचं, मालकाचं. सरकारनं ३१६२८ कोटीचं पॅकेज सांगितलं, कोरडवाहूले हेक्टरी साडेआठ हजार आन रब्बीच्या बियाण्यासाठी वरून दहा हजार. मालक चांगला माणूस आहे म्हणून अर्धे देतो म्हणाला. नाही दिले तर माह्याजवळ एक कागद नाही.

रानवारा:

हाच खरा मुद्दा आहे. तेलंगणात २०१८ ला रयतू बंधू आणली तेव्हा पण हीच बोंब होती, एकरी पैसे जमीनमालकाला, कसणारा खंडकरी कोरडा. ओडिशानं कालिया आणली त्यात भूमिहीन आणि वाटेकरी पण घेतले होते. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. आपल्याकडं मालक खंडाचा करार लिहून द्यायलाच घाबरतो, कुळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल म्हणून, मग सगळं तोंडी.

आता म्हणतात खताची सबसिडी पण थेट खात्यात द्या. म्हणजे आज युरियाची ४५ किलोची गोणी सगळ्यांना २६६ ला मिळते ती, मालक असो खंडकरी असो, दुकानात अंगठा लावला की मिळते. उद्या गोणी पूर्ण भावात घ्यायची आणि सबसिडी सातबारावाल्याच्या खात्यात? माझा तरी याला विरोध आहे, बाकी काही म्हणा.

निवृत्त_कॅशियर:

रानवारा, इथे मी तुमच्याशी सहमत आहे, जे वारंवार होत नाही. खताचं अनुदान आज कंपनीला जातं, दुकानातल्या मशीनवर विक्री झाल्यावर. त्यात गळती आहे, युरिया भलतीकडे जातो, तेही खरं. पण तरीही कसणाऱ्याला गोणी मिळते. खात्यात द्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न खातं कुणाचं.

वऱ्हाडी_भाऊ, तुमच्या मालकाशी साध्या कागदावर तरी लिहून घ्या, नुकसानभरपाईत वाटा किती एवढंच. कुळाची भीती त्यालाही राहणार नाही अशा भाषेत लिहिता येतं, तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या वकिलाला दाखवा.

वऱ्हाडी_भाऊ:

पाहतो काका. मालकाच्या बायकोले आधी पटवा लागन.

अतिवृष्टीचं आणखी एक, माह्या दीड एकरात आम्ही तिघं भाऊ सामाईक आहोत. दोघाईचे फार्मर आयडी झाले त्याईले वेगळी ईकेवायसी लागली नाही. मोठा भाऊ सुरतले आहे, त्याचा आयडी नाही. त्याच्यामुळं आमचं अडकन का?

सेतूवाला:

तुमच्या दोघांचा हिस्सा अडकायला नको, पण सामाईकमधे पैसे एकाच्या खात्यावर टाकायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र मागतात. तलाठ्याकडं जी यादी आहे त्यात क्षेत्र कसं चढवलंय बघा, तिघांचं वेगवेगळं की एकाच्याच नावावर. आता तलाठी नाही म्हणायचं, ग्राम महसूल अधिकारी. कृषी सहायकाला पण सहाय्यक कृषी अधिकारी केलंय. पाट्या बदलल्या, फोन मात्र आधी पण उचलत नव्हते.

भावाचा आयडी काढायला त्याला यायची गरज नाही, आधारच्या मोबाईलवर ओटीपी येतो तो त्याच्याकडून घ्या. ओटीपी फक्त घरच्यालाच द्या म्हणा. आणि हे सगळ्यांनाच, व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल फिरतीये, हप्ता बघायला इन्स्टॉल करा म्हणून. अजिबात टाकू नका. मोबाईलमधले मेसेज तिकडं जातात आणि खातं साफ होतं. किसानचं ॲप फक्त प्ले स्टोअरवरून.

काळीमाती:

अपडेट देतो. चुलत भावानं वडिलांना मशीनवर नेलं, त्या पेमेंट बँकेचं नाव निवडून बॅलन्स बघितला. ६००० आहेत आणि वर गॅसचे थोडे. मशीनवाला म्हणाला काढून देऊ का, आधी पावती दाखव म्हटल्यावर रोल निघाला बरोबर. वडील खुश आहेत आणि बँकेच्या साहेबाला सगळ्या गावात शिव्या घालून आले होते म्हणून आता त्या शाखेत जायला लाजतायत, मीच जाऊन आलो.

फॉर्म दिला, हलवण्यावर टिक केली, आधीच्या बँकेचं नाव लिहिलं. काउंटरवरची ताई म्हणाली आधार तर लिंकच आहे तुमचं. कॅशियर काका, तुमचं वाक्य जसंच्या तसं बोललो, मग ती आत जाऊन विचारून आली. पोचपावती घेतलीये. पण साइटवर अजून जुनीच पेमेंट बँक दाखवतंय. किती दिवस वाट बघू?

निवृत्त_कॅशियर:

शाखेतून डेटा वर जातो, तिथून मॅपरला लागतो, थोडे दिवस जातात. आठवडाभराने बघा. तरी जुनीच दिसली तर पोचपावती घेऊन जा आणि रिजेक्ट झालं का, कुठल्या कारणाने, हे विचारा. बहुतेक वेळा नावाच्या स्पेलिंगवर अडकतं, आधारवर एक आणि खात्यावर एक. तसं असेल तर खात्यातलं नाव आधारप्रमाणे करून घ्या, उलट करायला जाऊ नका, नाहीतर फार्मर आयडीपासून सगळं परत करावं लागेल.

पुढचा हप्ता डिसेंबर ते मार्चचा, हातात वेळ आहे. पेमेंट बँकेचं खातं मात्र मॅपर बदलल्याशिवाय बंद करू नका, मधे काही आलं तर अधांतरी लटकेल.

काळीमाती:

बरं झालं सांगितलंत, वडील उद्याच बंद करायला निघाले होते. फोन करतो त्यांना.